अठ्ठेचाळीस सेकंदांचं मिनिट

"आऊट! लेव्हल पाच!" जानराव सरांची शिट्टी कर्कश वाजली.

रेषा दोन पावलांवर राहिली होती. गुडघ्यांवर हात टेकून प्रणाली धापा टाकू लागली.

"अकोल्याच्या शिबिरासाठी निवड व्हायला लेव्हल आठ लागते," सर वहीत लिहीत म्हणाले. "वलगावसारख्या खेड्यातल्या पोरींत दम कुठून येणार! चला, पुढची तुकडी!"

प्रणालीची कानशिलं तापली.

अमरावतीच्या उन्हाळी शिबिरातली ही बीप टेस्ट तशी साधी. वीस मीटरवर दोन रेषा. फोनवरच्या रेकॉर्डिंगमधली बीप वाजायच्या आत या रेषेवरून त्या रेषेवर पोचायचं. दर लेव्हलला बीप लवकर लवकर वाजते. ज्याचा दम मोठा, तो टिकतो. परवा मुलांची टेस्ट चालली होती, तेव्हा प्रणाली गंमत म्हणून मैदानाबाहेरून त्यांच्यासोबत धावली होती. चांगली नवव्या लेव्हलपर्यंत! आणि आज पाच?

"श्रावणी, तू किती?" तिनं मैत्रिणीला विचारलं.

"चार! आणि मागच्या वर्षी पहिली आलेली करिश्मा, तीसुद्धा सहावर आऊट!"

"साऱ्याच पोरींचा दम दोन दिवसांत गेला काय? काहीतरी गडबड हाये!"

श्रावणीचा भाऊ अद्वैत कुंपणावर बसून शेंगदाणे खात होता. "आमची टेस्ट सुभद्रा मॅडमच्या फोनवर झाली होती," तो म्हणाला. "आज सरांचा फोन आहे. आणि त्यातली बाई फार घाईत बोलतेय, नाही?"

तेवढ्यात सरांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. "या दोन बीपमध्ये बरोबर एक मिनिट आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"अद्वैत, घड्याळ लाव!" प्रणाली ओरडली.

टुंग! ... टुंग!

"अठ्ठेचाळीस सेकंद!" अद्वैतच्या हातातले शेंगदाणे सांडले.

प्रणाली धावत सुटली आणि थेट रेषेवर मांडी घालून बसली.

"ए, ऊठ! टेस्ट चालू आहे!"

"नाही उठत! सर, तुमचं मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचं हाये!"

"त्याचं घड्याळ बिघडलं असेल."

"मंग तुमच्या घड्याळात पाहा न! काहून भिऊन राहिले?"

सरांनी वही मिटली.

"उद्धट कुठली! घरी पाठवीन!"

"पाठवा! पन आधी मिनिट मोजा!" प्रणाली जागची हलली नाही.

श्रावणी तिच्या शेजारी येऊन बसली. मग करिश्मा. मग अख्खी तुकडीच!

गलका ऐकून शिबिरप्रमुख सुभद्रा मॅडम आल्या. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग फोनचा पडदा निरखला.

"जानराव, वेग सव्वापट ठेवलाय तुम्ही!"

सरांचा चेहरा पडला. "व्हिडिओ भराभर पाहायची सवय... बदलायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी साऱ्या मुलींची टेस्ट पुन्हा झाली. सहा... सात... आठ!

"झाली तुझी निवड! थांब आता!" सर प्रणालीकडे पाहून ओरडले.

"काहून थांबू? बीप वाजूनच राहिली न!"

नऊ. मैदानावर ती एकटीच उरली. दहाव्या लेव्हलला मात्र रेषा हुकली आणि ती मातीत धपकन बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला!

जानराव सर जवळ आले. "वलगावबद्दल बोललो ते चुकलं, बेटा," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आज धावलीस छानच. पण काल सरांसमोर बसून राहिलीस ना, त्याला जास्त दम लागतो!"

"मॅडम," प्रणाली कशीबशी म्हणाली, "आधी पानी द्या न!"