ब्राह्मणपुरीचं कुलूप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर त्या घराचं नाव मी काढत नाही.

शहाद्यात माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. अंगठ्यानं उघडणारी कुलुपंही मी बसवतो. तसलंच एक ब्राह्मणपुरीला, गावाबाहेर मळ्यात बांधलेल्या भाग्येश पाटलाच्या नव्या घराला बसवलं. त्याची आई, प्रमिलाबाई, हिचा अंगठा मशीन काही घेईना. सगळा जन्म निंदणी-कापणीत गेलेला. मिश्रीचा वास येणारा तळवा तिनं माझ्यापुढे धरला. "भाऊ, मन्हा बोटवर रेघाच नही ऱ्हायन्यात. मी मझार कशी येऊ?"

आत कशी येऊ, या तिच्या प्रश्नावर मी हसलो. बाराव्या खेपेला एकदाचा हिरवा दिवा लागला.

आकडे दाबूनही ते कुलूप उघडायचं, पण आकडे तिला वाचता येत नव्हते. म्हणून मी भाग्येशला म्हटलं, "कुलपाच्या डब्यात दोन साध्या चाव्या आहेत. एक शेजारच्या दोधूआप्पाकडे ठेवा."

"चावी दुसऱ्याच्या घरी ठेवायची, तर एवढं कुलूप कशाला घेतलं?" तो म्हणाला. दोन्ही चाव्या आतल्या कपाटात गेल्या.

त्याच वैशाखात प्रमिलाबाई भर दुपारी शेतातून परतली. घरी कुणी नव्हतं. दोन तासांनी दोधूआप्पाला ती ओट्यावर दिसली. दाराला पाठ टेकून बसलेली, मेलेली. मांडीवरचा फोन चालूच होता आणि सुरतेला नोकरी करणारा भाग्येश त्यात ओरडत होता, "आंगठा लाव, माय. पुसीसन लाव..."

कुलूप त्यानं तसंच ठेवलं. कुलपाचा काय दोष, म्हणाला.

वर्षानं, पुन्हा वैशाखातच, दुपारी दोनला त्याच्या बायकोचा, काजलचा फोन आला. "शौकतभाऊ, मी कपडा वाळत टाकाले भाहेर उनू आनि दार आपेआप लागी गयं. पोर मझार शे. लवकर या..."

मी पोचलो तेव्हा मळ्यात चिटपाखरू नव्हतं, दोधूआप्पाही नव्हता. काजलच्या मुठी दार ठोकून सोलल्या होत्या. आत तिची चार महिन्यांची मुलगी रडत होती. खिडक्यांना गज, मागचं दार आतून बंद. कुलपाचे सेल मेलेले. सेल संपल्यावर कामी येणाऱ्या खालच्या दोन खिळ्यांना मी बाहेरून बॅटरी लावली. दिवा लागला. काजलनं अंगठा लावला. लाल. आकडे दाबले. लाल. भाग्येशनं सुरतेहून फोनमधल्या कुलपाच्या अ‍ॅपवर पाहिलं आणि सांगितलं, "दार उघडंच दाखवतंय."

तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. हळूहळू नाही. तोंडावर हात ठेवल्यासारखं... एकदम.

मग पाळण्याची कडी करकरू लागली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोनीच नही..."

दाराच्या फटीतून मिश्रीचा वास आला. आणि माझ्या कमरेच्या उंचीवरून, पलीकडे कुणी दाराला टेकून बसलं असावं तसा, आवाज आला.

"आंगठा लाव..."

काजलनं दाराला कान लावला. "आत्याबाई..." ती सासूला तशीच हाक मारायची. "मन्ही पोर..."

"पुसीसन लाव."

तिनं पदराला पुसून लावला. लाल. पुन्हा पुसला, पुन्हा लाल. दर वेळी तेच दोन शब्द, न रागावता, न थकता. आठव्या खेपेला तिच्या अंगठ्यातून रक्त आलं.

मी ड्रिल काढलं. पहिलं पातं तुटलं. दुसरंही तुटलं. दार उन्हानं तव्यासारखं तापलं होतं, पण खालच्या बाजूला हात टेकला तर तिथं गार लागलं. माणसाची पाठ टेकेल एवढाच भाग, बर्फासारखा गार. मी वाकून म्हणालो, "बाई... तुम्ही विचारलं होतं, मी आत कशी येऊ. मी हसलो होतो. चूक माझी आहे. लेकराला सोडा."

पाळणा थांबला.

"तू लाव."

माझा अंगठा त्या कुलपात मी कधीच नोंदवला नव्हता. तरी लावला. आतून कुणीतरी तो धरला आणि घट्ट दाबून ठेवला. कातडी भाजली, मी ओरडलो, पण सुटेना. मग हिरवा दिवा लागला.

मुलगी पाळण्यात होती. घामानं भिजलेली, जिवंत, डोळे सताड उघडे. आईनं उचलली तरी रडली नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच संध्याकाळी काजल लेकीला घेऊन खांडबाऱ्याला माहेरी गेली.

ते कुलूप मी उपटून टाकलं. बाहेरून साधा कोयंडा बसवून त्याला जुन्या पद्धतीचं कुलूप घातलं. एक चावी भाग्येशला दिली, दुसरी दोधूआप्पाला. घर बंद झालं.

दिवाळीनंतर भाग्येश घर विकायला म्हणून आला. त्यानं मला बोलावून घेतलं. बाहेरच्या कोयंड्याला कुलूप नव्हतं, तरी दार हलत नव्हतं. अंगठ्याच्या कुलपाच्या जागी दाराला वाटीएवढं भोक राहिलं होतं. मी त्यातून वाकून पाहिलं. मी बाहेर घातलेलं कुलूप आतल्या कडीला लागलेलं होतं.

दोधूआप्पा त्याची चावी हातात घेऊन माझ्यामागे उभा होता. भाग्येशची भाग्येशकडे होती. मग भाग्येशनं आपली चावी त्या भोकातून आत सोडली.

आत सगळीकडे फरशी आहे. आम्ही तिघंही कान देऊन उभे होतो. चावी खाली पडल्याचा आवाज आला नाही.