सात लाल घड्याळं

मापाडीनं तेच वाक्य तिसऱ्यांदा त्याच गोड आवाजात म्हटलं, तेव्हा शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किनारा संचानुसार आपण अपात्र आहात. प्रवाळ संचानुसार आपण पात्र आहात. दोन्ही निकाल अचूक आहेत. अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं डोंबलाचं!" शलाका ओरडली. "मी जाणार की नाही, एवढंच सांग ना!"

"नाही. दोन संचांत मतभेद झाल्यास मोठा संच मानावा, असा नियम आहे. किनारा संचात दहा कसोट्या, प्रवाळ संचात सहा. दहा मोठे. कृपया धीर धरा."

मापाडी हा परीक्षा घेणारा यंत्रमानव. त्याच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान 'कृपया' तरी म्हणत नाही.

गोष्ट २०७१ सालची. वेंगुर्ल्याच्या समुद्रात, तळाशी, 'प्रवाळ' नावाचं संशोधन केंद्र होतं. शलाकाची आई तिथे पोवळ्यांची रोपवाटिका सांभाळायची. गेलं वर्षभर आई फक्त पडद्यावर भेटत होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांना खाली राहायला नेणारी बोट शनिवारी सुटणार होती आणि त्यानंतर थेट पुढच्या वर्षी. पण त्याआधी मानसशास्त्रीय कसोट्या (मनाची कोणती ताकद किती आहे, हे मोजणाऱ्या चाचण्या) द्याव्या लागत. त्यांचे संच दोन, एक किनाऱ्यावरच्या समितीचा आणि दुसरा प्रवाळवरच्या लोकांचा. संचातल्या निम्म्याहून जास्त कसोट्या पार केल्या तर मूल पात्र. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून समितीनं आपल्या कसोट्या वाढवत वाढवत नेल्या होत्या. कसोट्या जास्त तितका न्याय जास्त, असा त्या भल्या माणसांचा समज. आता या समजाला काय म्हणावं!

शलाका पाय आपटत किनाऱ्यावरच्या परीक्षाकेंद्राच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथे तिची हेमांगीमावशी संख्याशास्त्राचं काम करायची. मापाडीही चाकं करकरवत मागोमाग आला, कारण नाराज उमेदवाराला एकटं सोडू नये असाही एक नियम होता.

"काय गो, रडतंस कित्याक?" मावशीनं रडण्याचं कारण विचारलं.

"मी सात गोष्टींत ढ आहे!" शलाकानं निकाल तिच्यापुढे टाकला. "अवधान, तर्क, शब्दसंपत्ती, अंकज्ञान, निर्णय, आकलन, निरीक्षण. सगळ्यांत नापास. आकृत्यांच्या तीन कसोट्या तेवढ्या जमल्या. आणि खालच्या लोकांनी बनवलेल्या संचात मी सहापैकी चारांत पास! मी एकच आहे ना? मग माझे निकाल दोन कसे?"

"दहा मोठे," मापाडी म्हणाला.

"मेल्या, गप रव!" मावशीला माया आली किंवा वैताग आला की तिच्या तोंडी मालवणी यायची. मग ती शलाकाकडे वळली. "रविवारी मी केलेलं जेवण आठवतंय?"

"विसरेन कशी? आमटी खारट, भाजी खारट, कोशिंबीर खारट, पिठलंही खारट. खीर तेवढी चांगली होती."

"म्हणजे मी चार चुका केल्या?"

"चार कुठल्या? एकच. नव्या मिठाचा अंदाज चुकला तुझा."

"तू स्वयंपाकघरात आली नव्हतीस. मग कसं कळलं?"

"चारही पदार्थ एकदम बिघडले म्हणून. आणि खिरीत मीठ नसतं, म्हणून ती वाचली."

"हेच ते घटक-विश्लेषण (पुष्कळ मोजमापांमागे लपलेल्या थोड्या कारणांचा शोध)!" मावशी म्हणाली. "पदार्थ म्हणजे कसोट्या, मीठ म्हणजे लपलेला घटक. फक्त एकाच मुलाच्या निकालावरून तो सापडत नाही, पुष्कळ मुलं लागतात. मापाडी, दोन्ही संच दिलेल्या सगळ्या मुलांचे गुण काढ. प्रत्येक कसोटीचा दुसऱ्या प्रत्येक कसोटीशी सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं वरखाली होतात त्याचं माप) मांड."

मापाडीनं क्षणात भिंतीवर भलामोठा तक्ता उमटवला. सोळा ओळी, सोळा रकाने. शलाकाला तो बघूनच शिसारी आली.

"यातून काय कळणार?"

"अवधानात ज्या मुलांना जास्त गुण, त्यांना तर्कातही जास्त. अंकज्ञानातही. म्हणजे या कसोट्या हातात हात घालून चालतात. आता गणित यांचे गट पाडेल."

आकडे सरकले. सोळा कसोट्यांमागे तीनच घटक निघाले. प्रत्येक कसोटीपुढे तिचा घटकभार (तिच्यात तो घटक किती मुरला आहे ते) दिसू लागला, जसं आमटीत मीठ जास्त आणि कोशिंबिरीत जरा कमी. पहिल्या घटकाचा भार किनारा संचातल्या सात कसोट्यांवर होता आणि प्रवाळ संचातल्या दोनांवर. दुसऱ्याचा भार किनाऱ्याच्या तीन आणि प्रवाळच्या दोन आकृत्यांच्या कसोट्यांवर. तिसरा मात्र फक्त प्रवाळ संचातल्या उरलेल्या दोन कसोट्यांत होता. त्यांपैकी एकीत गढूळ पाणी निवळेपर्यंत वाट बघायची होती आणि दुसरीत गुंतलेली दोरी सोडवायची.

"हा तिसरा धीर!" शलाका म्हणाली. "तो किनाऱ्याच्या संचात नाहीच?"

"औषधालाही नाही. दहा कसोट्या, आणि घटक दोनच. त्या सहांत तीन. आता बोल, संच मोठा कुठला?"

मापाडीनं लगेच विषय बदलला. "पहिल्या घटकाला मी 'हुशारी' असे नाव सुचवतो. सर्वाधिक कसोट्या त्यातच आहेत."

"काय वैताग आहे हा!" मावशीनं कपाळावर हात मारला. "गणित फक्त गट पाडून देतं रे. नाव आपण द्यायचं असतं, आणि ते चुकूही शकतं. शलाका, तू या कसोट्या दिल्या आहेस. या नऊंत सारखं काय होतं?"

शलाकानं डोळे मिटले. तर्काची कोडी आठवली, शब्द आठवले, आकडे आठवले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. मग तिला पडद्याचा कोपरा आठवला. तिथे सतत काहीतरी लुकलुकत होतं आणि तिचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं.

"घड्याळ!" ती उठूनच उभी राहिली. "लाल घड्याळ! किनाऱ्याच्या सातही कसोट्यांत होतं. प्रवाळच्या त्या दोनांतही. आकृत्यांना नव्हतं. मावशी, हा घटक हुशारी नाही, वेग आहे!"

"असेल. पण 'असेल' म्हणून चालत नाही, तपासावं लागतं. मापाडी, तर्काच्या दुसऱ्या प्रश्नांची कसोटी दे. घड्याळाशिवाय."

शलाका कोडी सोडवायला बसली. सावकाश. एकेक कोडं उलटसुलट बघत. मापाडीची चाकं मागेपुढे होऊ लागली.

"झालं का?"

"नाही."

"आता झालं का?"

"कृपया धीर धरा," शलाका म्हणाली. मावशीला हसू आवरेना.

सगळं संपलं तेव्हा एकच उत्तर चुकलेलं होतं. मापाडीनं तो निकाल पुन्हा तपासला, तरी चूक एकच.

"म्हणजे मी ढ नाही," शलाका म्हणाली.

"नाहीस. पण हळू आहेस, हे खरं," मावशी म्हणाली. "समुद्राखाली कधीकधी झटपट हलावंही लागतं, ते तुला शिकावं लागेल. पण ती उणीव एक आहे, ती एकदाच मोजायची. सात वेळा सात नावांनी नाही."

मापाडीनं तक्ता आणि नवा निकाल समितीकडे पाठवला. समितीतल्या भल्या माणसांनी ते सगळं दोन दिवस उलटसुलट तपासला आणि शेवटी नियम बदलला. कसोट्या मोजायच्या नाहीत, घटक मोजायचे. शलाका तीनपैकी दोनांत पास. पुढच्या वर्षी एकच लहान संच करायचंही ठरलं. त्यात वेग असेल, आकृत्या असतील आणि धीरही. तो आधी मापाडीला द्यायचा, असं मावशीनं परस्पर ठरवून टाकलं.

शनिवारी धक्क्यावर शलाका बुटाची नाडी बांधत बसली होती. एकदा बांधली, आवडली नाही, सोडली, पुन्हा बांधायला घेतली.

"बोट सुटण्याची वेळ झाली," मापाडी कळवळून म्हणाला. "कृपया..."

तेवढ्यात बोटीवरच्या पडद्यातून आईचा आवाज आला. "अगं शलाका, निघालीस की नाही? वर्ष झालं मी वाट बघतेय!"

नाडी तशीच लोंबत ठेवून शलाका धावत सुटली.