गळ्यातली हिमानी

माझ्या गळ्यात माझ्या सवतीचा टाक आहे. दचकू नका, आमच्याकडे यात काही नवल नाही. बिजवराशी लग्न लागलं की नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. माझा काळ्या दोऱ्यात ओवलेला आहे, मंगळसूत्राच्या जरा खाली येतो. आकृतीचं नाक थोडं वर आलेलं, बोटाला लागायचं. काम करता करता मी त्यावरून बोट फिरवत असे, तेवढीच काय ती आमची ओळख. तिचं नाव हिमानी. मी या घरात आले त्याच्या चार वर्षं आधी ती तापाने गेली.

नियम एकच. नवीन काहीही असो, आधी टाकाला लावायचं, मग आपण घ्यायचं. साडी, बांगड्या, मोसमातला पहिला आंबा. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, यात सूट द्यायच्या नाहीत. दोन वर्षं मी हे बिनतक्रार पाळलं. वाईट एवढंच वाटायचं की माझ्या वाट्याला पहिल्यांदा असं काही आलंच नाही. सगळं तिचं उष्टं. नवरासुद्धा, असं मी एकदा मैत्रिणीला हसत हसत म्हणाले होते. नंतर रडूच आलं.

माझे यजमान लक्ष्मीकांत इथे जळगाव जामोदला सरकारी कचेरीत कारकून आहेत. भला माणूस, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली ओढावी तसं. गेल्या महिन्यात त्यांना ट्रेनिंगसाठी तीन दिवस मुंबईला जायचं होतं. मी हट्टाने बरोबर निघाले. मला एक संध्याकाळ हवी होती, फक्त आम्हा दोघांची. मोबाईलवर सगळं बघून ठेवलं होतं. गेटवेवरून बोट सुटते, तिच्या वरच्या मजल्यावर बसायचं, सूर्य बुडताना पाहायचा, मग समुद्राच्या कडेने चालत जाऊन कुठेतरी जेवायचं.

नांदुऱ्याला गाडी पकडायची म्हणून आम्ही घाईत होतो. सासूबाई दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गयातला टाक उतरवू नोको, बाई."

"हाव आई," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉजच्या खोलीत मी नवी निळी साडी नेसले. टाकाला न लावताच. मग टाकही काढला. गावंढळ दिसतो म्हणून काढला असं सांगता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? मला आज ती सोबत नको होती. कुंकवाच्या स्टीलच्या डबीत टाक ठेवला, झाकण घट्ट लावलं, डबी बॅगेत टाकली आणि खोलीला कुलूप घातलं. जिना उतरताना गळा इतका हलका वाटत होता की मी दोनदा चाचपून पाहिला.

गेटवेवर यांनी न सांगता मोगऱ्याचा गजरा घेतला. पाण्यात पडेल म्हणून आपला मोबाईल माझ्या पर्समध्ये ठेवायला दिला. आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. मी खूश होते, अगदी खूश.

बोट धक्क्यापासून सुटली आणि माझी हौस पाच मिनिटांत फिटली. जन्म गेला सातपुड्याच्या पायथ्याशी, पाण्याची सवय कुठली? खाली डिझेलचा वास, वर तो मोगरा... पोटात ढवळून आलं. गजरा नको म्हणून मी हातानेच खूण केली आणि उठून कठड्याशी गेले. तोंडाला पदर लावला. मागच्या बाकावर हे एकटेच उरले. पुढचा पाऊण तास मी तिथून हलले नाही, की एक शब्द बोलले नाही.

सूर्य बुडाला. काठावरचे दिवे लागले. इंजिनच्या घरघरीतून मला यांचा आवाज येऊ लागला. हळू, सलग. हे माझ्याशीच बोलताहेत असं वाटून मी पाठमोरीच मान हलवत राहिले. मग लक्षात आलं, हे बोलताना मध्ये थांबतात. समोरचं माणूस उत्तर देत असताना थांबावं, तेवढंच. मग हसतात. दोन वर्षांत मी यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

फोनवर असतील, मी मनाशी म्हटलं. आणि माझा हात पर्सवर गेला. फोन माझ्याकडे होता...

मी मागे वळले. हे बाकावर बसले होते, हात बाकाच्या पाठीवर टाकलेला, चेहरा शेजारच्या रिकाम्या जागेकडे. हातात गजरा नव्हता.

"गजरा कुठाय?" धक्क्यावर उतरल्यावर मी विचारलं.

"माळला ना तुले," हे म्हणाले. पण माझ्या केसांत काही नव्हतं.

जेवण मला गेलं नाही. लॉजवर येऊन कुलूप उघडलं, बॅगेतून डबी काढली. झाकण तसंच घट्ट होतं, नखाने उचकटावं लागलं. आधी वास आला. मोगऱ्याचा. फूल एकही नव्हतं. टाक होता, आणि दोरा ओला होता. जिभेला लावून पाहिला, खारट लागला. मी तो तसाच गळ्यात घातला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "उतरवला त नाही?"

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं पहिलंच खोटं.

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाल्या, "लोकं म्हन्ते मानासाठी घालते. मानासाठी नाही वं, शरयू. गेलेली बाई कुठी हाय, ते मालूम राहावं म्हून घालते."

यालाही आता पंधरा दिवस झाले. काल तिन्हीसांजेला लाइट गेली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी कंदील लावून ओसरीवर ठेवला. हे येऊन शेजारी बसले, आणि आपण होऊन बोलू लागले.

"होळीनंतर जाऊ परत मुंबईले. रजा टाकली म्या. त्या दिवशी बोटीवर किती बोलली तू!"

मी कंदिलाची वात उगाच कमी केली. "काय बोलले हो मी?"

"लय काही. अन् शेवटी म्हटलं, पुढच्या खेपेले आपण दोघंच येऊ."

"त्या दिवशी दोघंच तर होतो ना?"

हे आठवून आठवून बोलले.

"तेच म्या तुले इचारलं... काऊन, आज दोघंच नाही का? त तू कठड्याकडे बोट दाखवलं. तिथं एक बाई उभी होती, आपल्याकडे पाठ करून. निळी साडी, तोंडाले पदर लावलेली." ते कंदिलाकडे पाहून हसले. "कोन होती कोन जाने."

मला खूप भीती वाटली. मी सवयीने टाकावर बोट फिरवलं. नाक लागलं नाही. कपाळ नाही, पदर नाही, काहीच नाही. पत्रा गुळगुळीत होता.

होळी पुढच्या आठवड्यात आहे. तिकिटं यांनी काढून आणली आहेत, दोनच.