बोरी घोडी आणि स्वेटरमधला पोलीस

बोरी घोडीनं कुंपणावरून मान काढली आणि नारेच्या गळ्यातला मफलर दातांत धरला. नारे ओढतेय, घोडी सोडत नाही… मागे उभी असलेली तिची धाकटी बहीण सोल खुदकन हसली. बाबांची होडी बुडाल्यापासून ती हसली नव्हती, धड बोललीही नव्हती.

तेवढ्यात घोडदळाचा एक पोलीस धावत आला. गणवेश दिसताच सोल ताईच्या पाठीमागे दडली. बाबांची बातमी गणवेशातल्याच माणसानं आणली होती.

त्यानं ते ओळखलं. काही न विचारता मागे फिरला आणि अंगात जुना स्वेटर चढवून आला.

"माफ करा. बोरीला सुंदर वस्तू आवडतात."

"आणि तिच्या मालकाला?" नारे बोलून गेली, मग जीभ चावली.

"मालक… विचार करून सांगेल."

त्याचं नाव दो-गन. जेजू बेटावरच्या त्या पोलीस-तबेल्यात घोडदळाचे शिपाई लहान मुलांना घोड्यावर बसवून त्यांच्या मनातली भीती घालवत. सोल दर शनिवारी जाऊ लागली. लगाम धरून दो-गन, पलीकडून नारे, मधे बोरी.

"पोलिसांना इतका मोकळा वेळ?"

"बेटावर चोर कमी, संत्र्यांच्या बागाच जास्त."

सोल आधी घोडीशी बोलू लागली, मग घरी. रानं पिवळ्या फुलांनी भरली, तेव्हा एकदा दो-गन घाईत गणवेशातच आला. सोलनं नीट पाहिलं… "दादा, आज उशीर केलात," म्हणाली आणि त्यानं घोडीवर चढवावं म्हणून हात पुढे केला.

नंतर ती बोरीला गवत भरवत असताना दो-गन नारेपाशी आला.

"एक सांगायचंय. मग तुम्ही आला नाहीत तरी चालेल. म्हणजे… चालणार नाही, पण— तुमच्या दारात ती बातमी घेऊन मीच आलो होतो."

"माहीत आहे."

"त्या दिवशी घरी पोचलात तेव्हा तुम्ही तर मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नव्हतं."

"सोलनं आवाज ओळखला. पहिल्याच शनिवारी माझ्या कानात एवढंच कुजबुजली, 'ताई, कपाटाबाहेरचा दादा हाच.' मी बोटीनं पोचेपर्यंत ती कपाटात लपून बसली होती, आणि तुम्ही दाराला टेकून दिवसभर तिच्याशी बोलत होता. तुमचे आभार मानायचे राहिले होते. म्हणून येत राहिले."

"तेवढ्यासाठीच?"

"सुरुवातीला… तेवढ्यासाठीच."

वाऱ्यानं तिचे केस डोळ्यांवर आले. ते सारायला त्याचा हात उठला, मधेच थांबला. नारेनं तो गार हात धरला आणि सरळ आपल्या कोटाच्या खिशात घातला.

"आज घरी जेवायला ये," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'या' नव्हे, 'ये'.

दो-गननं मान डोलावली; हात मात्र तिच्या खिशातच राहू दिला.