भट्टीवरची जागा

वॉकीटॉकीवर आमच्याकडे कुणी कुणाचं नाव घेत नाही. रानडुकरासाठी सगळे आपापल्या जागी बसले की माणूस म्हणजे त्याची जागा. कुनिताकाचं गावात दारूचं दुकान आहे, पण रविवारी सकाळी साडेआठनंतर तो ‘दगडी देव’, कारण तो रानातल्या दगडी मूर्तीशेजारी बसतो. सेइजी कुत्री घेऊन खालून रान उठवतो, म्हणून तो ‘हाका’. मी ट्रक लावून खिंडीत उभा राहतो. आणि वर, कोळसा पाडायच्या पडक्या भट्टीपाशी योशिहारु इवागामि बसायचा. तो ‘भट्टी’.

हजेरी मी घेतो. एकतीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे पत्ता घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, असं कुनिताका म्हणतो. हाका संपला की मी एकेक जागा पुकारतो, ती जागा ‘ऐकतोय’ म्हणते आणि मी म्हणतो, ‘गोळ्या काढा, उतरा.’ तोवर जागा सोडायची नाही. झुडूप हललं की बंदूक तिकडे वळते, आणि हललं ते डुक्कर होतं की शेजारी, हे मागाहून कळून उपयोग नसतो.

योशी हा नियम फारच मनावर घ्यायचा. एका वर्षी भर बर्फात माझ्या वॉकीटॉकी संचाची बॅटरी गेली. बाकीच्यांना मी ओरडून बोलावलं आणि योशीही आपला आपण येईल असं धरून चाललो. दीड तासानं वर गेलो तर हा मिशीवर बर्फ घेऊन तसाच बसलेला. ‘तू उतरा म्हणाला नाहीस,’ म्हणाला. मला शिव्यासुद्धा सुचेनात. खाली येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. पहिलीपासून एका बाकावर बसलेली माणसं आम्ही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच जागी त्याला झटका आला. बंदूक मांडीवर, संच हातात, डोळे उघडे. हेलिकॉप्टर आलं, दोरावरून त्याला उचलून नेलं, आणि चौथ्या दिवशी शहरातल्या इस्पितळात तो गेला. त्या धावपळीत हजेरी राहून गेली. ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नोव्हेंबरात शिकार पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही तिघंच उरलो होतो. पहिल्या रविवारी एक मादी पडली. मी हजेरी घेतली. दगडी देव बोलला, हाका बोलला, आणि जिभेला वळण पडलेलं, म्हणून मी पुढची जागाही पुकारून टाकली.

‘भट्टी.’

खरखर झाली. मग माइकवर नखानं दोनदा टकटक. योशीची सवय होती ती.

‘भट्टी. ऐकतोय.’

मला पुढचं ‘गोळ्या काढा, उतरा’ बोलवेना.

आमच्यात मांसाचे वाटे सारखे होतात. गोळी कुणाची लागली ते कुणी पाहत नाही. हजेरीला जितक्यांनी उत्तर दिलं तितके वाटे. त्या दिवशी सेइजीच्या अंगणात मी सुरी घेऊन बसलो तेव्हा कुनिताका माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘चार कर.’ सेइजी कुत्र्यांचे पाय पुसत होता.

चौथा वाटा मी योशीच्या बायकोला, किनुएला नेऊन दिला. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून खरं सांगितलं. तिनं कपाटातून योशीचा संच काढून दाखवला. त्यात बॅटरी नव्हती. ती तिनं स्वतः मार्चमध्ये कचऱ्याला दिली होती.

मी सरळ डोक्याचा माणूस आहे. पलीकडच्या दरीतल्या शिकारी टोळीचा कुणी चेष्टा करत असेल म्हणून तिथे जाऊन आलो. त्यांची टोळी दोन वर्षांपूर्वीच मोडली होती. मग एका बुधवारी भट्टीवर चढलो. वाटेवर घोटाभर बर्फ होतं आणि त्यावर पाऊल कुणाचंच नव्हतं. योशी बसायचा त्या ओंडक्यावर मात्र बर्फ नव्हतं.

पुढच्या रविवारी किनुए माझ्या ट्रकमध्ये येऊन बसली. हजेरीला आवाज आला तेव्हा तिनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि थोड्या वेळानं चक्क हसली.

‘घसा बसलाय ह्यांचा,’ म्हणाली. ‘मफलर विसरले असणार.’

मी बटणावर बोट ठेवलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. ‘तामोत्सु-सान, उतरा म्हणू नका. उतरले की जातील.’

मी म्हटलं नाही. तिच्यासाठी नाही म्हटलं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच तो हवा होता. त्या हिवाळ्यात मी फार सुखात होतो. भट्टीवरून आवाज यायचा, ‘दोन. ओढ्याकडे,’ आणि दोनच यायची, ओढ्याकडेच. कुनिताका दगडी देवापाशी बसून त्याला टोमणे मारायचा, ‘वर बसून नुसता पहारा कर, गोळी आम्ही झिजवतो.’ भट्टी खाकरायची. किनुए दर रविवारी चौघांच्या हिशेबानं भाताचे गोळे करून आणायची आणि चौथा संध्याकाळी परत न्यायची. इतकी डुकरं आम्हाला दहा वर्षांत मिळाली नव्हती.

जानेवारीच्या अखेरीला हजेरी संपल्यावर आवाज पुन्हा आला.

‘तामोत्सु. थंडी आहे.’

संचावर त्यानं जन्मात माझं नाव घेतलं नव्हतं. कुनिताकानं त्या दिवशी टोमणा मारला नाही.

मग रविवार सोडून आडवारीही आवाज येऊ लागला. मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मुळा चिरत होतो. बंद संच फळीवर होता. टकटक झाली. ‘संपला का हाका?’ आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या शुक्रवारी म्हणाला, ‘पाय कळत नाहीत.’ त्यानंतर मला जेवण जाईना. सख्ख्या भावासारखा माणूस, आणि आम्ही त्याला दोन घटका ऐकायला मिळावं म्हणून बर्फात बसवून ठेवलं होतं.

फेब्रुवारीचा तिसरा रविवार शेवटचा. त्यानंतर संच पेटीत जायचे ते नोव्हेंबरापर्यंत. मी किनुएला आधीच सांगितलं की आज त्याला मोकळं करणार.

‘मोकळं म्हणजे कुठे?’ तिनं विचारलं.

आता पडून तरी राहील निवांत, असं काहीसं मी पुटपुटलो.

हाका दुपारी दोनला संपला. दगडी देव, हाका, दोघांना मी उतरवलं. किनुए ट्रकच्या लांब सीटवर डाव्या दाराशी बसली होती. तिनं या वेळी मनगट धरलं नाही.

‘भट्टी.’

टकटक. ‘ऐकतोय.’

‘गोळ्या काढा. उतरा.’

बराच वेळ नुसती खरखर. मग त्यानं एक सुस्कारा सोडला. असा सुस्कारा मी त्याच्या तोंडून पूर्वी ऐकला होता, दिवसभराचं काम संपवून गरम पाण्यात उतरताना.

‘उतरतो.’

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. वाटलं, झालं. संच बंद करणार एवढ्यात पुन्हा टकटक झाली.

उतरताना आपण कुठे आहोत ते सांगत यायचं, हीही आमची रीत.

‘ओढा ओलांडला.’

मी किनुएकडे पाहिलं. ती वाटेकडे बघत होती.

‘देवदारांत आहे.’

कुनिताका संचावर हलकेच म्हणाला, ‘तामोत्सु, निघ तिथून.’ सेइजीची कुत्री लांब कुठेतरी एकदम गप्प झाली.

वाट रिकामी होती. दुपारचं ऊन होतं. सगळं नीट दिसत होतं.

‘वळणावर.’

मी संच बंद केला. बॅटरी काढली.

‘ट्रक दिसला.’

किनुएनं डावं दार उघडलं. मग स्कर्ट सावरून ती सीटवर सरकली, माझ्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत.

ती थोडी थांबली. वाकून, हात लांब करून तिनं दार ओढून घेतलं.

‘चला,’ ती म्हणाली. ‘घरी पाणी तापत ठेवलंय.’

मी गाडी सुरू केली. डावीकडे पाहिलं नाही. गावाआधी देवळापाशी एक चढ आहे. किनुएला घेऊन तो चढ मी तीन महिने दर रविवारी चढलो होतो, नेहमी तिसऱ्या गिअरवर. त्या दिवशी मला पहिला टाकावा लागला.