डोमाचा हुंकार

"तुमच्यातल्या कोणी रात्री एकट्यानं, मोठ्यानं पुस्तक वाचलं का?" शेकोटीतलं लाकूड आत सारत रामाजीभाऊंनी पोरांना विचारलं.

मयुरी तेवढी हसली. "मोबाईल असल्यावर पुस्तक काऊन वाचायचं, आजा?"

"आयक मंग. माह्या वळखीतल्या लटारूची गोष्ट आहे. खरी आहे."

लटारूला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. वेढे, खलिते, फितुरी यांतच तो रमायचा. ब्रह्मपुरीच्या वाचनालयातून पुस्तक आणायचा आणि रोज संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचायचा. समोर पोत्यावर त्याचा जुना सोबती डोमा. डोमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसत नसे; त्यानं फक्त ऐकायचं. पण ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हा नियम. हुंकार नाही तर पुढची ओळ नाही. लटारूनं कंटाळून एखादं पान गाळलं की डोमा गप्प बसायचा. मग म्हणायचा, "लबाड्या, घोडे नदीत होते नं? गडावर कसे पोचले?"

डोमा उन्हाळ्यात जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जायचा. तेव्हाचाच एक कोवळा पत्ता पुस्तकात खुणेला ठेवायचा. पुस्तक संपलं की पत्ता काढून पहिल्या पानावर ठेवी. "चाल, आता पुन्हा पयल्यापासून."

त्या उन्हाळ्यात एक कादंबरी चालली होती. गडाला वेढा पडलेला. दारावर पहारेकरी, आणि दाराबाहेर जखमी होऊन परतलेला त्याचा सोबती. दार उघडलं तर मागून शत्रू आत येणार. तिथंच लटारूनं पुस्तक मिटलं.

"उघडते का नाई दार?" डोमानं विचारलं.

"उद्या सांगतो."

त्या रात्री डोमा झोपेतच गेला.

लटारूनं ती कादंबरी पुन्हा उघडली नाही. विचारणाराच गेला, आता वाचून कोणाला दाखवायचं? घरात कोणाला वाचनाची आवड नव्हती. वाचनालयाचे निरोप येऊ लागले. शेवटी कार्तिकात त्यानं ठरवलं, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं पुस्तक परत द्यायचं.

मंडईची रात्र. सगळं गाव नाटकाला निघालं. सून रंजीता म्हणाली, "बाबा, चला नं. एकटे काय कराल इथी?"

"जा तुमी. मले नाई बसवत रातभर."

सगळे गेले. लटारूनं पुस्तक पिशवीत घातलं. पुन्हा बाहेर काढलं. डोमाला उत्तर न देताच ते परत द्यायला मन धजेना. ओसरीवरच्या दिव्याखाली तो बसला. वाळलेला तेंदूपत्ता जिथल्या तिथं होता. समोरचं पोतं रिकामं.

"आयक रे डोमा," तो म्हणाला आणि वाचू लागला.

थोडं वाचून सवयीनं थांबला.

"हूं."

लांबून नाटकाचा भोंगा ऐकू येत होता. तिकडचाच आवाज असेल. त्यानं पुढं वाचलं. थांबला.

"हूं."

आवाज पोत्यावरून आला...

लटारूनं वर पाहिलं नाही. त्यानं मुद्दाम एक पान गाळलं. पुढचं वाचलं. थांबला.

काही नाही.

भोंगाही गप्प झाला होता.

काही नाही...

त्यानं पान मागं उलटलं. गाळलेलं हळूहळू वाचलं.

"हूं."

तेव्हा लटारूला रडू आलं. भीतीनं की कशानं, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. डोळे पुसत तो वाचत राहिला. पहारेकऱ्यानं दार उघडलं नाही. दाराला पाठ लावून बसला. रात्रभर बाहेरच्या सोबत्याशी बोलत राहिला. पहाटे बाहेरून उत्तर येणं थांबलं.

शेवटची ओळ झाली.

हुंकार आला नाही.

"डोमा?..."

...

सकाळी रंजीतानं हलवून उठवलं तेव्हा लटारू भिंतीला टेकून झोपला होता. रात्री मांडीवर असलेलं पुस्तक समोरच्या पोत्यावर मिटलेलं होतं. गल्लीत जीपनं हॉर्न दिला. परत देण्याआधी खूण काढून घ्यावी म्हणून त्यानं पुस्तक उघडलं. वाळलेला पत्ता कुठंच नव्हता. पहिल्या पानावर एक तेंदूपत्ता होता. कोवळा, हिरवागार, नुकताच तोडल्यासारखा.

जीप पुस्तकाशिवायच ब्रह्मपुरीला गेली.