इंग्रजाचा तंदूर

सण आटोपला होता, पण डोंगरातली थंडी अजून हटली नव्हती. शेगडीवरच्या बुटक्या मेजावर पसरलेल्या मोठ्या रजईत सगळ्यांचे पाय होते. खोदादाद अमू कलिंगडाच्या बिया फोडत बसले होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "उद्या जाताना खिंडीतूनच जाणार ना?"

"मग काय उडत जाणार?" सियामक म्हणाला. तो आणि त्याची धाकटी बहीण नेगार नव्या वर्षाच्या सुट्टीत तेहरानहून या अमूंकडे, म्हणजे काकांकडे, आले होते.

"दिवसाउजेडी निघा. आणि वाटेत थांबू नका. कोणी कितीही आग्रह केला तरी."

"अमू, तुम्ही आम्हाला अजून लहानच समजता."

"लहान कसले, तू तर घोडा झालास. पण यदोल्लाह काही लहान नव्हता. शेजारच्या दाराला कुलूप बघितलंत ना? ते त्याचं घर." अमूंनी बियांची ताटली बाजूला सरकवली. ते सांगू लागले.

गेल्या खेपेच्या सणाच्या आधीचा, वर्षातला शेवटचा गुरुवार होता. त्या दिवशी सगळं गाव हलवा आणि खजूर घेऊन कबरस्तानात जातं. यदोल्लाह गेला नाही. तो आपली निळी पिकअप घेऊन हमदानच्या इस्पितळात गेला. त्याची आई, तूबा खानूम, तिथे पंधरवडाभर पडून होती. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी पाणी काढलं आणि सांगितलं, सणाला घरी न्या. फक्त गारठा लागू देऊ नका. पुन्हा गारठा लागला तर मग आमच्याकडे आणू नका.

यदोल्लाहने आईला दोन घोंगड्यांत गुंडाळलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. निघता निघता संध्याकाळची नमाज झाली. गाडी चढाला लागली तशी म्हातारी कुरकुरायला लागली.

"हा हीटर गार हवा टाकतोय की गरम?"

"गरम टाकतोय, नने," यदोल्लाह आईला म्हणाला. "जरा हळू टाकतोय."

"तुझा बाप पण असाच होता. हळू हळू करत गेला. कधी दुरुस्त करणार आहेस?"

"सण झाला की लगेच."

"हो, हो. इंग्रजाचा तंदूर तापतोय."

आणि मायलेक दोघं हसले.

"म्हणजे काय?" नेगारने विचारलं. "आई नवा फ्रिज मागते तेव्हा बाबा पण हेच म्हणतात."

"फ्रिज आला का?"

"नाही."

"मग अर्थ बरोबर कळलाय तुला," अमू म्हणाले. पण ते हसले नाहीत.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट होती ती. उत्तरेला समुद्रापलीकडे तेल होतं आणि इंग्रजांना तिथे तुर्कांच्या आधी पोहोचायचं होतं. त्यासाठी हा रस्ता हवा होता, आणि रस्त्यावरच्या फौजेला गहू हवा होता. त्यांनी सोनं मोजून सगळ्या जिल्ह्याचा गहू उचलला. सुभेदाराने डोळे मिटले. थंडीत लोक गवत उकडून खाऊ लागले, मग तेही संपलं.

खिंडीतल्या प्रवाशांच्या जुन्या सराईत इंग्रजांचं कोठार होतं. तिथे एक साहेब होता. फौजेतलाच, पण त्याचं काम बंदुकीचं नव्हतं, बोलण्याचं होतं. आपली भाषा तो आपल्यापेक्षा गोड बोलायचा. आजारी माणसाच्या उशाशी किती वेळ बसायचं, पुरे म्हणून चहाचा पेला कधी उपडा घालायचा, सगळं त्याला ठाऊक. गावचे म्हातारे म्हणायचे, हा आपल्याच कोणाच्या तरी पोटचा आहे.

एका रात्री गाव सराईपाशी गेलं. बाया, माणसं, चालू शकतील ती पोरं. गहू मागायला. त्याच रात्री कोठारातला सगळा गहू लॉऱ्यांत भरून उत्तरेला न्यायचा होता. गोळी झाडली असती तर तेहरानपर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून साहेब स्वतः बाहेर आला, छातीवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "माझं घर आपलं घर. या, बसा."

लोक म्हणाले, नको. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्याने दाराची चौकट धरली आणि म्हणाला, माझ्या दारातून उपाशी जाल तर माझं तोंड काळं होईल.

तिसऱ्या आग्रहाला कोण नाही म्हणतं? लोक अंगणात भिंतीला पाठ लावून ओळीने बसले. साहेब ओळीतून फिरत होता. तंदूर तापतोय. नान येतेच. जरासं थांबा. आणि पाहुणा म्हणून एकदा बसलं की नान आल्याशिवाय उठायचं नाही. आपली रीतच तशी. साहेबाला रीत ठाऊक होती.

मागच्या दाराने लॉऱ्या निघून गेल्या. सकाळी ओळ तशीच बसलेली होती. बर्फाने झाकलेली. सगळ्यांचे हात पुढे केलेले...

नेगारने पाय रजईत आणखी आत ओढले. "आणि तो साहेब?"

"त्याला बढती मिळाली म्हणतात," अमू म्हणाले. ते पुढे सांगू लागले.

तर यदोल्लाहची गाडी. वर पोहोचेपर्यंत बर्फ पडू लागला. पोलिसांनी नवा रस्ता बंद केला होता, म्हणून त्याने जुना धरला. हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. आपण कुठवर आलो हेच त्याला कळेना. एका वळणावर चाकं घसरली आणि पिकअप चरात गेली. इंजिन बंद पडलं. फोनला रेंज नव्हती. तूबा खानूम औषधाच्या गुंगीत होती. तिचे दात वाजायला लागले होते.

तेव्हा त्याला दिवा दिसला.

रस्त्याच्या वरच्या अंगाला. उघडं दार, आत पिवळा उजेड, छपरातून धूर. एखादी नवी चहाची टपरी असावी, त्याला वाटलं. त्याने आईला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर बर्फातून वर गेला.

दारात एक उंच माणूस उभा होता. छातीवर हात ठेवून तो वाकला.

"माझं घर आपलं घर. या."

"आपल्याला त्रास नको. ट्रॅक्टर कुठे मिळेल, एवढंच सांगा."

"त्रास कसला? आपले पाय माझ्या डोळ्यांवर. या, बसा."

"नको, खरंच नको."

"आईला घेऊन माझ्या दारातून परत जाल तर माझं तोंड काळं होईल."

यदोल्लाहला बरं वाटलं. हल्ली इतकं रीतीने कोण बोलतं? तो आत गेला.

आत ऊब होती. अंधुक उजेडात भिंतीपाशी बरीच माणसं बसली होती. अडकलेले प्रवासी असतील. कोणी बोलत नव्हतं. कोणी वर बघितलं नाही. त्याने सलाम केला. उत्तर आलं नाही. दमलेत, त्याने मनाशी म्हटलं.

भिंतीपाशी एक जागा मोकळी होती. त्याने आईला तिथे टेकवलं.

"खाली शेवटच्या वाडीत ट्रॅक्टर आहे," तो माणूस म्हणाला. "आपण जाऊन या. आई माझी पाहुणी."

"देव आपलं भलं करो. तिला गारठा लागता कामा नये."

"छे. जरासं थांबायचं. तंदूर तापतोय. नान येतेच."

यदोल्लाह उतरू लागला. बर्फ तोंडावर येत होता. आई उबेत आहे, या विचाराने पाय भराभर पडत होते. अर्धी उतरण झाली. मनात त्या माणसाचे शब्द घोळत होते. किती गोड बोलला. जरासं थांबायचं. तंदूर...

तो थांबला.

त्या माणसाच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

तो वळला. पळाला. पडला. पुन्हा पळाला. दिवा दिसेना. धूर दिसेना. "नने," त्याने हाक मारली. "नने..."

वारा पडला होता.

भिंती सापडल्या. छप्पर नव्हतं. दार नव्हतं. सराईचं अंगण. वर आभाळ. आत बर्फ. माणसं नव्हती. एकच...

शेगडीतला निखारा फुटला.

"भिंतीला पाठ लावून बसली होती," अमू म्हणाले. "घोंगड्या अंगावरच होत्या. खांद्यांवर बर्फ. दोन्ही हात पुढे, तळवे वर. न्हाऊ घालणाऱ्या बायकांना ते हात खाली करता आले नाहीत. तसंच पुरलं."

"तो रस्ता चुकला, अमू," सियामक हळू आवाजात म्हणाला. "गोंधळला. आईला त्या पडक्या जागेत ठेवून गेला आणि नंतर..."

"पोलिसही हेच म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दाराला कुलूप लावून दक्षिणेला बंदरावर निघून गेला. तिथे बर्फ पडत नाही."

"मग झालं तर."

"हं. तिला उचलायला गेलेल्यांत मी होतो. तिच्या शेजारी भिंतीपाशी एक माणूस बसेल एवढी जागा होती. सगळीकडे बर्फ. तेवढी कोरडी. आम्ही म्हटलं, वाऱ्याने झालं असेल." अमूंनी रजई गुडघ्यांवर नीट ओढली. "मागच्या आठवड्यात मेंढी शोधत तिकडे गेलो होतो. वर्ष उलटून गेलंय. अंगणात मांडीपर्यंत बर्फ होता. वरून पडतही होता. त्या जागेवर पडत नव्हता. माती कोरडी. झाडून ठेवल्यासारखी."